मेंदूची इजा, शीतोपचार आणि प्रथिनांची साक्ष

मनुष्याच्या शरीरात मेंदूइतके जपून ठेवलेले दुसरे इंद्रिय क्वचितच असेल. कवटीची कठीण पेटी, तिच्या आत तीन आवरणे आणि त्या आवरणांमध्ये मस्तिष्कमेरुद्रवाची गादी, अशा बंदोबस्तात तो असतो. त्याचे वजन शरीराच्या एकंदर वजनाच्या सुमारे २ टक्केच भरते. परंतु स्वस्थ बसलेला मनुष्य जेवढा प्राणवायू वापरतो, त्यातील सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू खर्च करतो. एवढा मोठा खर्च असूनही त्याच्याजवळ शिल्लक अशी जवळजवळ नसते. रक्ताचा पुरवठा थोडी मिनिटे बंद पडला तरी मेंदूच्या पेशी मरू लागतात.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र शासनाची आकडेवारी सांगते. डोक्याला बसलेला मार हे अशा मृत्यूंचे एक प्रमुख कारण असते. जे वाचतात त्यांच्यापैकीही कित्येकांची स्मृती, वाचा किंवा हातापायांची शक्ती कायमची उणी होते. म्हणून मेंदूच्या इजेवर काही उपाय करता येईल काय, हा प्रश्न केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांपुरता उरत नाही. शरीर थंड करणे हा त्यावरील एक जुना आणि वादग्रस्त उपाय आहे. त्या उपायाने मेंदूत नेमके काय घडते, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ आज मेंदूतील प्रथिनांची परीक्षा करीत आहेत. त्या परीक्षेची हकीकत पुढे दिली आहे.

पहिली इजा आणि दुसरी इजा

डोके जोराने आदळते त्या क्षणी मेंदूचा काही भाग चेचला जातो, काही रक्तवाहिन्या फुटतात आणि मज्जापेशींचे लांब तंतू ताणले जाऊन तुटतात. ही पहिली इजा होय. ती क्षणार्धात होते आणि झाल्यावर कोणत्याही औषधाने मागे फिरवता येत नाही.

परंतु हानी तेथेच थांबत नाही. इजा झालेल्या पेशींमधून ग्लुटामेट नावाचा पदार्थ बाहेर सांडतो. निरोगी मेंदूत हाच पदार्थ एका पेशीचा संदेश दुसऱ्या पेशीला पोहोचवतो. पण तो प्रमाणाबाहेर साचला म्हणजे शेजारच्या पेशी अतिशय उत्तेजित होतात आणि त्यांच्यात कॅल्शियमचे मोठ्या प्रमाणावर आगमन होते. कॅल्शियम वाढले की पेशीतील काही विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, जागी होतात आणि पेशीची स्वतःचीच बांधणी तोडू लागतात. त्याबरोबरच सूज येते. कवटी ताठर असल्यामुळे सुजलेल्या मेंदूला पसरण्यास जागा मिळत नाही. आतील दाब वाढतो, दाबामुळे रक्ताचा पुरवठा घटतो आणि पुरवठा घटल्यामुळे आणखी पेशी मरतात. काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालणाऱ्या या परंपरेस दुसरी इजा म्हणतात. वैद्याला जे काही करता येते ते या अवधीत.

थंडाव्याची कल्पना

रासायनिक क्रिया उष्णतेने जलद होतात आणि थंडीने मंदावतात, हा सर्वसामान्य नियम आहे. उन्हाळ्यात दूध लवकर नासते व हिवाळ्यात ते टिकते, ते याच कारणाने. जिवंत शरीराला हा नियम लावून पाहिला तर असा तर्क निघतो की, मेंदू थोडा थंड केल्यास त्याची प्राणवायूची गरज कमी होईल आणि दुसऱ्या इजेची परंपरा मंदावेल.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मेंदूचे शस्त्रवैद्य टेंपल फे यांनी १९३८ पासून कर्करोगाच्या रुग्णांचे शरीर थंड करून पाहिले आणि पुढे १९४५ च्या सुमारास डोक्याला गंभीर मार बसलेल्या रुग्णांवर तोच प्रयोग केला. १९५० मध्ये कॅनडातील टोरांटो येथे विल्फ्रेड बिगेलो यांनी थंड केलेल्या प्राण्यांवर हृदयाची शस्त्रक्रिया करता येते, असे दाखवले. १९५४ मध्ये ह्यूबर्ट रोसोमॉफ आणि डंकन हॉलडे यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांवरून सिद्ध केले की, शरीराचे तापमान उतरते तसतसा मेंदूचा प्राणवायूचा खर्चही उतरतो. स्थूलमानाने दर अंश सेल्सिअसला ही घट ६ ते ७ टक्के धरली जाते.

त्या काळात शरीर ३० अंशांच्याही खाली नेले जात असे. इतक्या थंडीत हृदयाचे ठोके अनियमित होतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती कमी होते. त्यामुळे हा उपचार मागे पडला. १९८७ मध्ये मायामी विद्यापीठात राउल बुस्टो, मायरन गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, रक्तपुरवठा खंडित असताना मेंदूचे तापमान दोन-तीन अंशांनी जरी कमी असले, तरी पेशींचा नाश पुष्कळ कमी होतो. एवढा सौम्य थंडावा माणसालाही सोसवण्यासारखा असल्यामुळे जुन्या कल्पनेत नवा जीव आला.

रुग्णांवरील परीक्षा

१९९७ मध्ये पिट्सबर्ग येथील डोनाल्ड मॅरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काही रुग्णांना २४ तास ३२ ते ३३ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले होते. ज्यांची बेशुद्धी गंभीर असूनही अगदी टोकाची नव्हती, त्यांना या उपचाराचा लाभ झालेला दिसला. आशा वाढली, परंतु तिला पुढील मोठ्या परीक्षांचा आधार मिळाला नाही.

२००१ मध्ये गाय क्लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. थंड केलेल्या आणि न केलेल्या, अशा दोन्ही गटांत वाईट परिणाम झालेल्यांचे प्रमाण सारखेच, म्हणजे ५७ टक्के निघाले. २००८ मध्ये २२५ मुलांवरील अभ्यासातही लाभ दिसला नाही. उलट थंड केलेल्या मुलांत मृत्यू अधिक होण्याकडे कल दिसला. २०१५ मध्ये यूरोथर्म या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेचे फळ प्रसिद्ध झाले. कवटीतील दाब वाढलेल्या ३८७ रुग्णांपैकी थंड केलेल्या गटातील २५.७ टक्के रुग्ण समाधानकारक रीतीने सुधारले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातील ३६.५ टक्के. हानी होत असल्याचे पाहून ती परीक्षा वेळेआधीच थांबवावी लागली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलर या परीक्षेत ५११ रुग्ण होते. तीत अपघातानंतर होईल तितक्या लवकर थंडावा सुरू केला होता आणि ऊबही सावकाश दिली होती. सहा महिन्यांनंतर चांगला परिणाम झालेल्यांचे प्रमाण एका गटात ४८.८ आणि दुसऱ्यात ४९.१ टक्के होते. म्हणजे भेद नाहीच.

नवजात अर्भकांची गोष्ट निराळी आहे. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेल्या अर्भकांना पहिल्या ६ तासांच्या आत थंड करून ७२ तास तसेच ठेवल्यास लाभ होतो, हे संपन्न देशांत सिद्ध झाले आहे. पण भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील ४०८ अर्भकांवरील अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, थंड केलेल्या अर्भकांत मृत्यू अधिक आढळले. एकच उपाय एका ठिकाणी तारतो आणि दुसऱ्या ठिकाणी मारतो, असे का व्हावे? रुग्ण जगला की मेला एवढेच मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पेशीच्या आत काय घडले ते पाहावे लागते.

प्रथिनेच का पाहावयाची?

पेशीतील बहुतेक सर्व कामे प्रथिने करतात. पेशीचा सांगाडा प्रथिनांचा असतो, तिच्या पटलावरील दरवाजे प्रथिनांचे असतात आणि विकरे तर प्रथिनेच होत. मनुष्याच्या आनुवंशिक संचितात सुमारे २०,००० प्रथिनांचे आराखडे असतात. हे आराखडे यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत एकच असतात. परंतु त्यांपैकी कोणती प्रथिने कोणत्या वेळी किती प्रमाणात हजर आहेत, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि इजेने किंवा थंडीने ते तासातासाला बदलते. एखाद्या पेशीत वा ऊतीत एका वेळी असलेल्या सर्व प्रथिनांच्या समूहास ‘प्रोटिओम’ हे नाव मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये दिले.

प्रथिनांचे तुकडेही बोलके असतात. स्पेक्ट्रिन हे मज्जातंतूच्या आतील सांगाड्याचे प्रथिन याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा अखंड रेणू सुमारे २८० सहस्र डाल्टन वजनाचा असतो. कॅल्शियमने जागे होणारे कॅल्पेन नावाचे विकर त्यास तोडते तेव्हा १५० आणि १४५ सहस्र डाल्टनचे तुकडे पडतात. कॅस्पेज-३ नावाचे दुसरे विकर तोडते तेव्हा १२० सहस्र डाल्टनचा तुकडा मिळतो. कॅल्पेनचे काम प्रामुख्याने पेशी फुटून मरताना दिसते, तर कॅस्पेज-३ हे पेशी ठरावीक क्रमाने स्वतःला संपवते तेव्हा कामाला लागते. अर्थात तुकड्याच्या वजनावरून पेशी कोणत्या मार्गाने मेली याचे अनुमान करता येते. घाव पाहून शस्त्र ओळखावे, तसा हा प्रकार आहे.

पृथक्करणाची रीत

हजारो प्रथिनांच्या मिश्रणातून एकेक ओळखणे हे काम सोपे नाही. १९७५ मध्ये पॅट्रिक ओफॅरेल यांनी त्यासाठी एक उत्तम रीत प्रसिद्ध केली. खळीसारख्या घट्ट द्रव्याच्या पातळ थरात विजेच्या साहाय्याने प्रथिने प्रथम त्यांच्या विद्युत्‌भारानुसार एका दिशेने वेगळी केली जातात आणि मग तिला काटकोन करणाऱ्या दिशेने वजनानुसार. शेवटी थरावर शेकडो ठिपके उमटतात. इजा झालेल्या आणि निरोगी मेंदूचे असे दोन पट शेजारी ठेवले म्हणजे कोणता ठिपका गडद झाला आणि कोणता पुसला गेला, हे दिसते.

ठिपक्यातील प्रथिन कोणते, हे ठरवण्यास द्रव्यमान वर्णपटमापक हे यंत्र उपयोगी पडते. प्रथम ट्रिप्सिन या पाचक विकराने प्रथिनाचे तुकडे करतात. ट्रिप्सिन वाटेल तेथे तोडत नाही. लायसीन आणि आर्जिनीन या दोन ॲमिनो अम्लांनंतरच तोडते. त्यामुळे प्रत्येक प्रथिनाचे तुकडे ठराविक वजनांचेच पडतात. या तुकड्यांना विद्युत्‌भार देऊन निर्वात नळीत सोडले की भाराच्या मानाने हलके तुकडे जलद आणि जड तुकडे सावकाश जातात. त्यावरून त्यांचे वजन कळते आणि वजनांच्या यादीवरून प्रथिनाची ओळख पटते. प्रथिनासारखे नाजूक रेणू न मोडता हवेत उचलून त्यांना भार कसा द्यावा, ही मोठी अडचण होती. ती सोडवल्याबद्दल अमेरिकेचे जॉन फेन व जपानचे कोइची तानाका हे २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. आज पुष्कळ प्रयोगशाळांत ठिपक्यांची पायरी वगळून संपूर्ण मिश्रणाचेच तुकडे यंत्रात सोडतात आणि एका वेळी हजारो प्रथिनांची मोजदाद करतात.

चार गटांचा प्रयोग

शीतोपचाराचा परिणाम तपासावयाचा तर प्रयोगाची रचना काळजीपूर्वक करावी लागते. उंदरांना भूल देऊन त्यांच्या मेंदूस मोजक्या जोराचा आघात केला जातो आणि काहींना थंड तर काहींना नेहमीच्या तापमानात ठेवले जाते. परंतु एवढे दोनच गट पुरत नाहीत. थंडी ही निरोगी मेंदूतील प्रथिनांतही बदल घडवते आणि भूल व शस्त्रक्रिया यांचाही काही परिणाम होतो. म्हणून चार गट घ्यावे लागतात: आघात आणि नेहमीचे तापमान, आघात आणि थंडावा, आघाताविना केवळ शस्त्रक्रिया आणि नेहमीचे तापमान, आणि आघाताविना शस्त्रक्रिया व थंडावा.

आता एखादे प्रथिन आघाताने वाढले, थंडाव्याने पुन्हा पूर्वपदावर आले आणि निरोगी मेंदूत मात्र थंडाव्याने बदलले नाही, तर थंडावा इजेच्या परंपरेवरच काम करीत आहे असे म्हणता येते. तेच प्रथिन निरोगी मेंदूतही थंडीने घटत असेल, तर ती केवळ सर्वसाधारण मंदगती असू शकेल. चारही गटांची तुलना केल्यावाचून हा भेद उघड होत नाही.

थंडीत वाढणारी प्रथिने

थंडीने प्रथिनांचे उत्पादन एकंदरीत मंदावते. तथापि थोडी प्रथिने नेमकी थंडीतच वाढतात. त्यांना शीताघात प्रथिने म्हणतात. मनुष्य आणि इतर सस्तन प्राण्यांत अशी दोन प्रथिने विशेष प्रसिद्ध आहेत: आरबीएम-३ आणि सीआयआरपी. शरीर सुमारे ३२ ते ३४ अंशांपर्यंत उतरले तरी ती वाढू लागतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधील जोव्हाना मलुची यांच्या गटाने मेंदूच्या ऱ्हासाचे रोग असलेल्या उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, थंडावा दिल्याने आरबीएम-३ वाढते आणि मज्जापेशींमधील तुटलेले सांधे पुन्हा जुळण्यास त्याचे साहाय्य होते. हे प्रथिन वाढू दिले नाही तर थंडाव्याचा लाभही नाहीसा होतो.

या शोधाचे महत्त्व मोठे आहे. थंडावा म्हणजे केवळ सर्व क्रियांना लावलेला लगाम अशी जुनी समजूत होती. पेशी थंडीला स्वतःहून उत्तर देते आणि त्या उत्तरात दुरुस्तीची काही साधने असतात, हे प्रथिनांच्या अभ्यासाने दाखवून दिले. पुढेमागे शरीर थंड न करता आरबीएम-३ वाढवणारे औषध मिळाले, तर थंडीचे दुष्परिणाम टाळून तिचा गुण तेवढा घेता येईल, या दिशेने संशोधन चालू आहे.

मात्र दुसऱ्या प्रथिनाची साक्ष सावध करणारी आहे. सीआयआरपी पेशीच्या आत असते तोवर ते पेशीस उपयोगी पडते. परंतु रक्तस्रावाने व जंतुदोषाने आजारी झालेल्या प्राण्यांत ते पेशीबाहेर पडते आणि दाह भडकवते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. थंडीने वाढणारे प्रत्येक प्रथिन हितकारकच असते, असे मानून चालत नाही.

रक्तातील खुणा आणि त्यांचा अर्थ

उंदराच्या मेंदूचा तुकडा तपासता येतो. रुग्णाच्या बाबतीत तसे करता येत नाही. म्हणून मेंदूतून गळून रक्तात किंवा मस्तिष्कमेरुद्रवात आलेल्या प्रथिनांवर विसंबावे लागते. मज्जापेशींच्या आधारपेशींतील जीएफएपी आणि मज्जापेशींतील यूसीएच-एल-१ ही अशी दोन प्रथिने होत. त्यांच्या रक्तपरीक्षेस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. डोक्याला सौम्य मार बसलेल्या प्रौढ रुग्णास क्ष-किरणांच्या संगणकीय चित्राची गरज आहे किंवा नाही, हे ठरवण्यास तिचा उपयोग होतो.

अडचणीही कमी नाहीत. रक्तद्रवातील निम्म्याहून अधिक प्रथिन एकटे अल्ब्युमिन असते. दर लिटरला कित्येक ग्रॅम असलेल्या अल्ब्युमिनच्या गर्दीत मेंदूचे प्रथिन अतिशय अल्प प्रमाणात असते. शिवाय शीतोपचाराने एक नवा घोटाळा उत्पन्न होतो. थंड केलेल्या रुग्णाच्या रक्तात एखादी खूण कमी आढळली, तर मेंदूची इजा कमी झाली असे समजावे, की थंडीमुळे ते प्रथिन रक्तात उशिरा पोहोचले असे समजावे? एका वेळच्या नमुन्यावरून हे सांगता येत नाही. ऊब दिल्यानंतरही पुन्हा पुन्हा नमुने घेऊन वाढघटीचा संपूर्ण आलेख काढावा लागतो. उंदीर आणि माणूस यांच्यातील भेदही विसरता येत नाही. प्रयोगशाळेतील उंदीर एकाच वयाचे, एकाच जातीचे व निरोगी असतात आणि त्यांना एकसारखा आघात होतो. इस्पितळातील रुग्णांपैकी एक तरुण, दुसरा वृद्ध. एकाच्या मेंदूत गाठलेले रक्त, दुसऱ्याचे तंतू तुटलेले. एक तासात पोहोचलेला, दुसरा सहा तासांनी. सर्वांना सारखाच थंडावा दिला तर काहींना झालेला लाभ इतरांना झालेल्या हानीत बुडून जाणे संभवते. प्रथिनांच्या खुणांवरून रुग्णांची योग्य वर्गवारी करता आली, तर कोणास थंडावा द्यावा आणि कोणास देऊ नये, हे ठरवता येईल, अशी या अभ्यासामागील अपेक्षा आहे. ती अजून सिद्ध व्हावयाची आहे.

आज काय निश्चित आहे

मेंदूच्या पसरलेल्या इजेत केवळ प्रतिबंधक म्हणून, लवकर सुरू केलेला आणि थोड्या अवधीचा शीतोपचार करू नये, असे अमेरिकेतील ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. ताप मात्र इजा झालेल्या मेंदूस अपायकारक ठरतो. म्हणून रुग्णाचे तापमान नेहमीच्या पातळीवर राखण्याकडे वैद्य लक्ष देतात. शीतोपचार हा अतिदक्षता विभागातील, यंत्रांच्या सततच्या देखरेखीखालचा उपचार आहे. घरी किंवा रस्त्यावर डोक्यास बर्फ लावून तो साधत नाही. त्यात वेळ गेला तर नुकसानच होते. डोक्याला मार बसून शुद्ध हरपली, वारंवार वांती झाली किंवा ग्लानी वाढत चालली, तर रुग्णास तत्काळ इस्पितळात नेणे हेच पहिले कर्तव्य होय.

पहिली इजा कोणत्याही उपचाराने मागे घेता येत नाही, हे आरंभी सांगितले आहे. ती टाळण्याचे साधन मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. दुचाकीवर बसणाऱ्याने शिरस्त्राण घालावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम सांगते. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रिनचे तुकडे मोजणाऱ्या शास्त्रज्ञास जे तुकडे मुळीच आढळू नयेत असे वाटते, ते न पडू देण्याचे काम हनुवटीखाली नीट बांधलेला तो पट्टा करतो.